कुत्र्या-मांजराचं नाव ‘गुच्ची’ किंवा ‘प्राडा’ ठेवायचंय? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला प्राण्यांचा एक दवाखाना आहे, तिथे मी काउंटरवर बसते. नवीन पिल्लू आलं की त्याचं लसीचं कार्ड मी लिहिते आणि कार्डावरचा पहिला रकाना असतो नावाचा. पूर्वी त्यात मोत्या, टायगर, टॉमी, मनी असायचे. आता गुच्ची, प्राडा, कोको, शनेल, डिऑर अशी महागड्या परदेशी फॅशनच्या जगातली नावं येतात. नंबर लागेपर्यंत बाकावर बसलेली माणसं नावाबद्दल बरंच काही विचारतात, काही जण घरी जाऊन पुन्हा फोन करतात. त्यातले सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत.

आधी थोडक्यात सांगा. ब्रँडचं नाव ठेवावं की नाही?

ठेवा, खुशाल ठेवा. पण ठरवण्याआधी ते नाव तोंडात कसं बसतं ते बघा, कारण नाव हाकेसाठी असतं. गॅलरीत उभं राहून दहा वेळा मोठ्याने हाक मारा. एकदा लाडाने, एकदा रागाने, एकदा दिवसभराच्या कामाने थकल्यावर. घरातल्या प्रत्येकाला मारायला लावा, आजी-आजोबांना आणि जेवण घालणाऱ्या मावशींनासुद्धा. ज्याच्या हातून रोज पोळी मिळणार, त्याच्या तोंडी ते नाव सहज आलंच पाहिजे. दहाव्या हाकेलाही जीभ अडखळत नसेल, तर ते नाव तुमचं.

कुठली नावं हाकेला चांगली आणि कुठली अवघड?

दोन अक्षरी नाव सगळ्यात सोयीचं. गुच्ची, प्राडा, कोको, फेंदी ही सगळी दोन अक्षरी आहेत, आणि मला वाटतं याच कारणाने ती इतकी चालतात. ‘गुच्ची’तला च्च टाळीसारखा वाजतो, शेवटची ई लांबवता येते. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त, 45,000 च्या आसपास. उंच, तुटक आवाजाकडे त्याचं लक्ष पटकन जातं.

‘शनेल’ ऐकायला गोड आहे, पण मराठीत नावाला प्रत्यय लागतात. ‘शनेलला फिरवून आण’ हे दिवसातून चार वेळा म्हणून बघा. दोन ल एकमेकांत अडकतात, आणि आठवड्याभरात घरात तिची ‘शनू’ होते. मग पहिल्यापासून शनूच ठेवलेलं काय वाईट? ‘प्राडा’चा मराठीत आपोआप ‘प्राड्या’ होतो, ‘प्राड्याला’, ‘प्राड्याने’, अगदी मोत्यासारखा. म्हणजे हे नाव आपल्या व्याकरणात चपखल बसतं.

दोन नावांपासून मात्र जपून. एक ‘बॉस’. आपण कुत्र्याला बसायला सांगतो ते ‘बस’ म्हणून. बॉस आणि बस, घाईत म्हटलं की सारखंच. माझ्या ओळखीचा एक लॅब्रेडोर हाक मारली की जागच्या जागी बसायचा आणि घरचे म्हणायचे, हा ऐकतच नाही. बिचारा अगदी नेमकं ऐकत होता. दुसरं नाव ‘डिऑर’. भरभर म्हटलं तर ते ‘डियर’ होतं आणि गावाकडच्या माणसाला ‘दीर’ ऐकू येतं. सुनेने अंगणात उभं राहून अशी हाक मारायची म्हणजे घरात पंचाईत. ठेवायचंच असेल तर ‘डिओ’ म्हणा.

खरा उच्चार करावा की आपला?

मूळ उच्चार माहीत असावा, पण त्याचा धाक नको. आपण ज्या ब्रँडला ‘हर्मेस’ म्हणतो त्याला फ्रेंच लोक ‘एर्मेस’ म्हणतात, ह उच्चारत नाहीत. ‘लुई व्हिटॉन’ला ‘लुई व्हितॉं’ असं म्हणतात. इटालियन माणूस ‘व्हेर्साचे’ म्हणेल, आपल्याकडे व्हर्साची, वर्साचे, वर्सास, सगळं चालतं. प्राण्याला यातलं काही कळत नाही, त्याला एकच आवाज ओळखायचा असतो. तो मात्र घरात सगळ्यांचा एकच हवा.

नाव जरा अवघड असलं तर एवढं काय बिघडतं?

याचं उत्तर मी दोन दिवाळ्यांपूर्वी शिकले. आमच्याच गल्लीत सिडकोत एक पांढरा पॉमेरेनियन आहे, नाव व्हर्साची. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पूजा आटोपून प्रसाद वाटायला घराचं दार उघडं होतं, तेवढ्यात कोणीतरी जिन्याखाली सुतळी बॉम्ब लावला. कुत्रा जो पळाला तो दिसेनासाच झाला. आम्ही सगळे चपला घालून खाली उतरलो. घरचा मुलगा ‘व्हर्साची’ ओरडतोय, शेजारची पोरं ‘वर्साचे’, वॉचमन काका ‘वर्सा, वर्सा’. वरून फटाके. भेदरलेल्या कुत्र्याला एवढ्या गोंधळात काय समजणार? तास उलटून गेला.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशी दुकान बंद करून आरास बघायला निघाल्या होत्या. त्या त्याला रोज सकाळी अर्धी खारी देतात आणि पिल्लू असल्यापासून ‘वश्या’ म्हणतात. त्यांनी तोंडाशी हात धरून एकदाच ‘वश्याऽऽ’ अशी हाक मारली. पलीकडच्या गल्लीत उभ्या असलेल्या टेम्पोखालून नखं घासल्याचा आवाज आला. मुलाने आडवं पडून त्याला ओढून काढलं, तेव्हा पांढरे केस ऑइलने काळे झाले होते आणि छाती धडधडत होती. मावशींनी त्याला पदरात घेतलं, तसा तो शांत झाला.

पुढच्या डोसला तो आला तेव्हा मी कार्डावर व्हर्साचीपुढे तिरपी रेघ मारून ‘वश्या’ लिहिलं. घरच्यांनीच सांगितलं होतं.

आजी नाव बदलूनच टाकते. गुच्चीला ती ‘गुच्चू’ म्हणते. पिल्लू गोंधळेल का?

नाही. आजीने एकच नाव धरून ठेवलं तर पिल्लू दोन्ही शिकतं. प्राण्यांची शब्द लक्षात ठेवायची ताकद आपण समजतो त्याहून खूप मोठी आहे. जर्मनीतला रिको नावाचा बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा 200 वस्तू नावाने ओळखायचा, 2004 मध्ये त्याच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेत जॉन पिली या प्राध्यापकांनी चेझर नावाच्या कॉलीला 1,022 खेळण्यांची नावं शिकवली. त्यापुढे गुच्ची आणि गुच्चू म्हणजे काहीच नाही. मांजरांचंही तसंच. जपानमधल्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवून दिलं की मांजर स्वतःचं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतं. ओळखून येतं की नाही, हा तिच्या मर्जीचा प्रश्न.

गोंधळ होतो तो रोज वेगळं नाव घेतल्याने. सोमवारी गुच्चू, मंगळवारी बाळा, बुधवारी शोन्या, आणि खोडी काढली की ‘गुच्चीऽ’. मग खरं नाव फक्त ओरडा खाताना ऐकू येतं आणि ते ऐकलं की पिल्लू पलंगाखाली जातं. ओरडायचं असेल तेव्हा नाव घेऊ नका, ‘नको’ म्हणा. नावामागून नेहमी चांगलंच काही आलं पाहिजे.

कंपनी केस करेल का?

घरच्या कुत्र्याला हाक मारल्याबद्दल कोणी केस करत नाही. आपला ट्रेड मार्क कायदा 1999 चा आहे. त्याच्या कलम 29 मध्ये हक्कभंगाची जी व्याख्या आहे, तिच्यात ते चिन्ह व्यापारात वापरलेलं असावं लागतं. गोदाघाटावर ‘प्राडा, इकडे ये’ म्हणणं हा व्यापार नव्हे.

प्रश्न येतो तो विकायला लागल्यावर. घरी शिवलेल्या पट्ट्यांवर, रुमालांवर त्या कंपनीची अक्षरं किंवा लोगो छापून इन्स्टाग्रामवर विकायचा विचार असेल तर करू नका. ओळखीच्या एका मुलीने प्रदर्शनासाठी असे चाळीस रुमाल शिवले होते. मी तिला आधीच सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. शेवटी तिने लोगोवर वारली चित्रांचे तुकडे शिवले आणि सगळे रुमाल विकले गेले. कुत्र्यांच्या वस्तूंवरून मोठे खटले झालेले आहेत. अमेरिकेत ‘च्युई व्हिटॉन’ नावाची कुत्र्यांची खेळणी विकणाऱ्यांवर लुई व्हितॉंने दावा लावला होता. 2007 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने खेळणीवाल्यांच्या बाजूने निकाल दिला, ही उघड थट्टा आहे म्हणून. पण 2023 मध्ये, व्हिस्कीच्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या कुत्र्याच्या खेळण्यावरून, तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने व्हिस्की कंपनी जॅक डॅनियल्सची बाजू धरली. थट्टा म्हणून नेहमी सुटका होईलच असं नाही.

कोको नाव फार झालंय का?

हो. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकपाशी सकाळी कोको म्हणून हाक मारली की भलतीच कोको मान वळवते. दवाखान्यात एकदा बाकावर तीन कोको शेजारी शेजारी होत्या, दोन कुत्र्या आणि एक मांजर. म्हणून कार्डावर आम्ही नावापुढे घरचं आडनाव लिहितोच.

तरी हे नाव मला फार आवडतं. शनेल कंपनी काढणाऱ्या बाईंचं खरं नाव गाब्रिएल. तरुणपणी त्या कॅफेत गायच्या आणि त्यात कोको नावाचा हरवलेला कुत्रा शोधणारं एक गाणं होतं. त्यावरूनच त्यांना कोको नाव पडलं असं सांगतात. म्हणजे हे नाव कुत्र्याकडून बाईंकडे, बाईंकडून अत्तराच्या बाटलीवर आणि तिथून पुन्हा आपल्या नाशिकच्या कुत्र्यांकडे आलंय.

उलट ‘डिऑर’ ब्रँड काढणाऱ्या ख्रिस्तियन दिओर या एवढ्या मोठ्या फॅशनकाराने आपल्या कुत्र्याचं नाव ठेवलं होतं बॉबी. आपल्या गल्लीत असतो तोच बॉबी. पुढे त्या बॉबीच्या आकाराची अत्तराची कुपीसुद्धा निघाली.

ब्रँडचं नाव म्हणजे दिखाऊपणा नाही का? आमचे काका तसं म्हणतात.

काकांना विचारा, त्यांच्या लहानपणी गोठ्यात बैलांची नावं काय होती. माझे आजोबा निफाडकडचे. पोळ्याला त्यांच्या दारात हिरा आणि मोती उभे असायचे, शेजारी सोन्या, पलीकडे राजा आणि सर्जा. कुत्रा मोत्या. घरात कोणाच्या अंगावर हिरा नव्हता, मोत्याचा सर नव्हता. जे आपल्याला मिळण्यासारखं नाही, पण जगात सगळ्यात मोलाचं म्हणून ऐकलंय, त्याचं नाव आपण जिवाभावाच्या जनावराला देत आलोय. आजची नात टीव्हीवर गुच्ची बघते आणि पिल्लाला गुच्ची म्हणते. मला यात आजोबांचाच हात दिसतो.

दिखाऊपणा वेगळीकडे असतो. पिल्लू घेताना जातीचे पैसे मोजले, नाव ठेवलं, फोटो काढले आणि सहा महिन्यांनी ‘वेळ होत नाही हो’ म्हणून सोडायला आणलं. अशी कार्डंही माझ्या कपाटात आहेत. ती बघताना नाव मोत्या होतं की प्राडा, याने मला काही फरक पडत नाही.

आमचा कुत्रा देशी आहे, रस्त्यावरून आणलेला. त्याला ‘गुच्ची’ शोभेल का?

हा प्रश्न मला आवाज खाली करून विचारला जातो, आणि त्याचं मला दर वेळी वाईट वाटतं. शोभेल! खंडोबाच्या बरोबर कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद आहेत असं आपण मुलांना सांगतो. भैरवाचं वाहनही कुत्राच. त्या चित्रांमधल्या कुत्र्यांची कधी कोणी जात विचारली? देवळाली कॅम्पच्या खंडोबा टेकडीवर जाऊन बघा, पायऱ्यांवर ऊन खात झोपलेली कुत्री असतात, त्यांच्याइतकं निवांत कोणी नसेल.

द्वारका चौकात गाडीचा धक्का लागलेलं एक पिल्लू दोन कॉलेजच्या मुलांनी बनियनमध्ये गुंडाळून आणलं होतं. कार्ड लिहिताना मी नाव विचारलं. एक म्हणाला, ‘ताई, अजून नाव नाही.’ दुसरा म्हणाला, ‘लुई लिहा. मोठा माणूस होणार तो.’ लुई आज एका पायाने लंगडतो, पण अंगावर चकाकी आहे आणि दर वर्षी रेबीजच्या लसीला वेळेवर येतो.

प्राडा नाव ठेवलं, तर लोक कोल्हापुरी चपलांवरून बोलतात. काय करावं?

ते बोलणं रास्त आहे, त्यावर हसू नका. जून 2025 मध्ये मिलानमधल्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये प्राडाने अगदी कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. आपल्याकडून ओरड झाल्यावर कंपनीने मान्य केलं की या चपलांमागे भारतीय कारागिरीची प्रेरणा आहे. आमच्याकडे येणाऱ्या एका घरात आजोबा मूळचे कोल्हापूरचे, त्यांना त्या सुमाराला नातीच्या कुत्रीला ‘प्राडा’ म्हणणं जड जायला लागलं. ते तिला ‘पायताण’ म्हणायला लागले, कारण ती त्यांचं पायताण तोंडात धरून घरभर हिंडायची. तिला दोन्ही नावं कळतात. नातीला वाईट वाटलं होतं, पण आजोबा तिला रोज संध्याकाळी सोमेश्वरपर्यंत फिरवून आणतात हे बघून तिने मान्य केलं.

या कंपन्या प्राण्यांची कातडी वापरतात. मग प्राण्याला त्यांचं नाव द्यावं का?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, विचारणाऱ्यांचा मला आदर वाटतो. फर, म्हणजे केसाळ कातडी, वापरणं बंद करत असल्याचं गुच्चीने 2017 मध्ये जाहीर केलं. 2018 मध्ये व्हर्साची, बर्बरी आणि शनेल त्याच वाटेने गेले. शनेलने मगर-सापासारखी कातडीही सोडली. 2019 मध्ये प्राडाने फर बंद करत असल्याचं सांगितलं. नेहमीचं चामडं मात्र या सगळ्यांकडे आहे. फेंदी 1925 मध्ये रोममध्ये सुरू झालं तेच फर आणि चामड्याच्या दुकानातून. एर्मेस 1837 पासून घोड्यांचं खोगीर-सामान करत मोठं झालं, आजही मगरीच्या कातडीच्या पिशव्यांसाठी ओळखलं जातं. माझं मत विचाराल तर सशाचं नाव मी फेंदी ठेवणार नाही. मला तशी हाक मारवणार नाही.

नावाला साजेसे कपडे, अत्तर, नेलपॉलिश चालेल का?

अत्तर नको, त्याच्या नाकाला तो त्रास आहे. रंगही नको. कपडे जानेवारीच्या थंडीत, लहान केसांच्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला ठीक. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा अंगावर काही घालू नका.

आपल्याकडचं असं एखादं उंची नाव सुचवा ना.

मला कोणी हे विचारलं की मी पैठणीकडे वळते. येवला आपल्याच जिल्ह्यात. पैठणीच्या पदरावर आणि काठावर जे विणलेलं असतं, त्याची नावं एकदा कानावर घ्या: मुनिया म्हणजे पोपट, असावली म्हणजे फुलांची वेल, आणि मोर. मुनिया हे नाव मांजरीसाठी याहून चांगलं कुठे मिळेल? तीन अक्षरं, मऊ, हाक मारताना शेवट लांबवता येतो. आमच्याकडे हिरव्या डोळ्यांची एक मुनिया येते, तिच्या घरी आईच्या लग्नातल्या पैठणीचा काठ बघून नाव ठेवलंय. कुत्रीसाठी असावली जरा लांब पडेल, पण घरात ‘असू’ होईल. विणकराच्या हातची गोष्ट म्हणून ही नावं मला जास्त जवळची वाटतात, पण त्यासाठी तुमच्या गुच्चीचं नाव बदलू नका. ती आता त्या नावाला ओळखते.

दत्तक घेतलेल्या मोठ्या कुत्र्याचं नाव बदलता येतं का?

येतं. पहिले काही दिवस जुनं आणि नवं नाव जोडून घ्या, ‘राजा-लुई’, आणि लगेच काहीतरी खायला द्या. मग हळूहळू जुनं गाळा. बहुतेक कुत्री एक-दोन आठवड्यांत रुळतात. त्या नावाने आधी मार खाल्ला असेल, नाव ऐकून अंग चोरत असेल, तर जुनं नाव पहिल्याच दिवशी टाकून द्या.

कार्डावर, परवान्यावर आणि पट्ट्यावर कोणतं नाव लिहायचं?

लसीचं कार्ड आणि महापालिकेच्या परवान्याचा अर्ज यावर एकच नाव, एकाच स्पेलिंगने. ‘गुच्ची’ला इंग्रजीत मधे दोन सी. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दोन असं झालं की खिडकीवर हेलपाटा पडतो. मायक्रोचिप बसवली असेल तर तिचा पंधरा आकडी नंबरही कार्डावर चिकटवून घ्या, नाव बदललं तरी नंबर तोच राहतो.

पट्ट्यावरचा बिल्ला मात्र मराठीत करून घ्या. एका बाजूला मोबाइल नंबर, दुसऱ्या बाजूला देवनागरीत ते नाव, ज्याने तो खरोखर येतो. वश्याच्या बिल्ल्यावर ‘वश्या’ कोरलंय. खाली दोन नंबर आहेत, एक घरचा आणि एक इस्त्रीवाल्या मावशींचा.